घरचा संगणक आणि गावचा बांध

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'विंडोज १०' या कार्यप्रणालीची नियमित विनामूल्य दुरुस्ती बंद केली. २०१५ साली बाजारात आलेली ही प्रणाली दहा वर्षे कोट्यवधी घरांत आणि कचेऱ्यांत राबली. त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही. दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखाच सुरू झाला. म्हणूनच या घटनेचे गांभीर्य सामान्य माणसाच्या ध्यानी आले नाही. तथापि घरोघरी वर्षानुवर्षे टाळला जाणारा एक प्रश्न या निमित्ताने ऐरणीवर आला, हे बरेच झाले. पडद्यावर 'अपडेट करा' अशी सूचना उमटली की ती मानावी, की 'नंतर पाहू' म्हणून बाजूस सारावी? आमचे उत्तर स्पष्ट आहे. ती मानावी, आणि वेळेवर मानावी. मात्र हा आंधळ्या आज्ञापालनाचा उपदेश नव्हे. त्यामागील कारणे आणि त्यावरील रास्त आक्षेप, दोन्ही तपासून घेणे अगत्याचे आहे.

यंत्राची देखभाल ही कल्पना आपणांस नवी नाही. भोपाळच्या गोविंदपुरा भागात भारत हेवी इलेक्ट्रिकल्सचा अवाढव्य कारखाना आहे. १९५६ साली स्थापन झालेल्या सरकारी कंपनीतून तो उभा राहिला. जलविद्युत केंद्रांची टर्बाइने आणि मोठमोठे ट्रान्सफॉर्मर तेथे घडतात. सुरळीत चालणारे टर्बाइनदेखील ठरावीक काळाने थांबवून तपासावे लागते, हे तेथील कामगारास कोणी सांगावे लागत नाही. कारण लोखंड झिजते. संगणकाची कार्यप्रणाली मात्र झिजत नाही. ती काल जशी होती तशीच आजही असते. मग तिला दुरुस्ती कशाला, असा सवाल गोविंदपुऱ्यातला इंजिनियरही आपल्या घरी बसून करू शकेल.

त्याचे उत्तर असे की, प्रणालीतला दोष वापराने निर्माण होत नाही. तो जन्मजातच असतो. कोट्यवधी ओळींच्या आज्ञावलीत चुका राहणारच. त्या ज्या दिवशी कोणाच्या तरी नजरेस पडतात, त्या दिवसापासून धोका सुरू होतो. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्या प्रसिद्ध करते. त्या प्रसिद्ध होताच भिंतीला भगदाड नेमके कोठे होते, हे चोरालाही उमगते. जुनी आणि नवी प्रणाली शेजारी ठेवून तो फरक शोधतो, आणि ज्यांनी दुरुस्ती केली नाही त्यांच्या दाराशी येऊन उभा राहतो. म्हणजे दुरुस्ती जाहीर झाल्यानंतर ती न करणाऱ्याचा धोका पूर्वीपेक्षा वाढतो. 'इतके दिवस काही झाले नाही' हा युक्तिवाद येथे लंगडा पडतो, तो याच कारणाने.

२०१७ सालच्या 'वॉनाक्राय' प्रकरणाने हे सप्रमाण सिद्ध केले. ज्या छिद्रातून हा उत्पात शिरला, त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजीच दिली होती. हल्ला झाला तो १२ मे रोजी. मध्ये जवळजवळ दोन महिने होते. तरीही सुमारे दीडशे देशांतील संगणक कुलूपबंद झाले. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेला रुग्णांच्या हजारो भेटी रद्द कराव्या लागल्या. आपल्या देशात आंध्र प्रदेशातील पोलीस कचेऱ्या आणि केरळमधील ग्रामपंचायतींचे संगणकही त्यात सापडले. यात कोणी संशयास्पद पत्र उघडण्याचीही गरज नव्हती. दुरुस्ती न केलेला एक संगणक जाळ्यातल्या शेजारच्या संगणकाला ही बाधा आपोआप देत होता.

आमच्या किनाऱ्यालाही या संकटाची झळ लागली आहे. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाच्या दुसऱ्या हल्ल्यात जहाजवाहतूक क्षेत्रातील मर्स्क कंपनी सापडली, आणि न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. जून २०२२ मध्ये तर गोव्याच्या जलस्रोत खात्याचा पणजीतील पूरनियंत्रण सर्व्हरच खंडणीखोरांच्या हाती गेला. राज्यातील नद्यांवरच्या १५ केंद्रांची माहिती तेथे साठत असे. ऐन पावसाळ्याच्या तोंडावर ती कुलूपबंद झाली. विषाणूप्रतिबंधक प्रणालीचा अभाव आणि जुनाट संरक्षक व्यवस्था ही कारणे खुद्द खात्याच्या तक्रारीतूनच पुढे आली. नदीची पातळी मोजणारे यंत्र अचूक, पण ज्या खोलीत तिची नोंद ठेवायची त्या खोलीचे दारच खिळखिळे, असा हा प्रकार होता.

आता दुसरी बाजू. अपडेट म्हणजे निव्वळ कल्याण, असे मानणे भोळेपणाचे ठरेल. उपरोक्त 'नॉटपेट्या'चा पहिला शिरकाव युक्रेनमधील एका हिशेबप्रणालीच्या अपडेटमधूनच झाला होता. म्हणजे औषधाच्या बाटलीतूनच विष आले. ऑक्टोबर २०१८ मध्ये 'विंडोज १०'च्या एका मोठ्या अपडेटमुळे काही वापरकर्त्यांच्या फायली नाहीशा झाल्या, आणि कंपनीला त्याचे वितरण थांबवावे लागले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक ठप्प झाले, आणि आपल्या विमानतळांवर प्रवाशांच्या हाती हस्तलिखित प्रवेशपत्रे आली. ते उत्पादन प्रामुख्याने मोठ्या संस्थांचे असल्याने घरगुती संगणक त्यातून बहुतांशी वाचले, ही गोष्ट वेगळी.

परंतु या उदाहरणांवरून दुरुस्तीच नको, असा निष्कर्ष काढणे म्हणजे एका वैद्याचे निदान चुकले म्हणून औषधोपचारच सोडण्यासारखे आहे. त्यांतून निघणारा बोध एवढाच की, आपल्या कागदपत्रांची आणि छायाचित्रांची एक प्रत संगणकाबाहेर ठेवलेली असावी, आणि प्रत्येक अपडेट सारख्याच घाईने बसविण्याचे कारण नाही. सुरक्षेच्या मासिक दुरुस्त्या वेगळ्या, आणि प्रणालीचे रूप पालटणारी मोठी अपडेट वेगळी. पहिल्या चार-आठ दिवसांत बसवाव्यात. दुसरी काही आठवडे थांबून, इतरांचा अनुभव पाहून घेतली तरी चालेल. विंडोजमध्ये अपडेट पाच आठवड्यांपर्यंत लांबविण्याची सोय आहे. तिचा उपयोग मुदतीपुरता करावा. कायमची पळवाट म्हणून करू नये. संकेतस्थळ पाहताना अचानक उघडणाऱ्या खिडकीतून 'तुमची प्रणाली जुनी झाली' असे कोणी बजावू लागले, तर मात्र त्यावर विश्वास ठेवू नये. खरी दुरुस्ती प्रणालीच्या स्वतःच्या 'सेटिंग्ज'मधूनच घ्यावी.

आमचा खरा आक्षेप कंपन्यांच्या वर्तनावर आहे. सुरक्षेची दुरुस्ती आणि नवनव्या सोयींची, जाहिरातींची भर यांची सरमिसळ त्यांनीच केली, आणि मग लोक अपडेटला कंटाळले याचे नवल काय? 'विंडोज ११' प्रणालीसाठी विशिष्ट सुरक्षा चिप आणि नव्या पिढीचा प्रोसेसर यांची अट घातल्याने उत्तम चालणारे असंख्य संगणक एका फटक्यात कालबाह्य ठरले. काही अटींवर ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत कंपनीने घरगुती वापरकर्त्यांना देऊ केली. पण मुदत म्हणजे तोडगा नव्हे. पोटाला चिमटा काढून मुलांच्या शिक्षणासाठी संगणक घेणाऱ्या कुटुंबाने तो धडधाकट असताना भंगारात का काढावा? अशा संगणकांवर लिनक्ससारखी विनामूल्य प्रणाली चालविता येते. केरळच्या सरकारी शाळांनी तो मार्ग केव्हाच चोखाळला आहे. आमच्या राज्याच्या शिक्षण खात्याने आणि संगणक शिकविणाऱ्या संस्थांनी हे ज्ञान घरोघरी पोहोचविले, तर गरजवंतांची मोठीच सोय होईल. विनापरवाना प्रती वापरणारे अनेकजण पकडले जाण्याच्या भीतीने अपडेट बंद ठेवतात. त्यांनाही हाच मार्ग अधिक सुरक्षित आणि प्रामाणिक आहे.

तरीही मूळ मुद्दा उरतोच. 'माझ्या संगणकात चोरण्यासारखे आहे काय?' असे म्हणून अनेकजण हा विषय झटकून टाकतात. पण बाधित संगणक मालकाच्या नकळत इतरांवरील हल्ल्याचे हत्यार बनतो. केंद्र सरकारला २०१७ साली 'सायबर स्वच्छता केंद्र' काढावे लागले, ते अशा घरगुती संगणकांच्या सफाईसाठीच. खाजन शेती कसणाऱ्या आमच्या पूर्वजांना ही गोष्ट निराळी समजावून सांगावी लागली नसती. खाऱ्या पाण्याला अडविणाऱ्या बांधात खेकड्याने एक भोक पाडले, आणि ज्याच्या शेताजवळ ते पडले त्याने काणाडोळा केला, तर भरतीचे पाणी त्याचे एकट्याचे भात नासवून थांबत नाही. अवघ्या खाजनात मीठ पसरते. म्हणून बांधाची राखण ही साऱ्या गावाची जबाबदारी मानली गेली, आणि आपल्या वाट्याच्या बांधावर लक्ष ठेवणे हे प्रत्येकाचे कर्तव्य ठरले.

आज बँकेचा व्यवहार, मुलांचा अभ्यास, वीजबिल आणि परगावच्या लेकरांची ख्यालीखुशाली हे सारे ज्या जाळ्यातून चालते, त्या जाळ्याचा बांधही असाच सामाईक आहे. पडद्यावर उमटणारी ती सूचना म्हणजे आपल्या वाट्याच्या बांधात भोक पडल्याची वर्दी होय. ती देणारी कंपनी लोभी असेल. तिला जाब अवश्य विचारावा. पण जाब विचारून होईपर्यंत भरती थांबत नाही. भोक आधी बुजवावे, भांडण मागाहून करावे.