दाराआडचा जिना

नव्या टॉवरच्या जाहिरातीत जिम असते, योगा डेक असतो, जॉगिंग ट्रॅक असतो. जिना नसतो. जिन्याचा फोटो छापून फ्लॅट विकणारा बिल्डर अजून जन्मायचा आहे.

इमारतीतही तो सहजी सापडत नाही. लॉबीत शिरलं की समोर लिफ्टची चकचकीत दारं. जिना कोपऱ्यात, जड फायर डोअरमागे. ते ढकलून आत गेलं की दिवा बंद. कठड्याला टेकवलेली जुनी सायकल, वरच्या वळणावर कुणाचं तरी चपलांचं रॅक, त्याच्याही वर रंगाचे रिकामे डबे. मग दुसऱ्या मजल्यावरचा माणूस लिफ्टनं खाली येतो आणि पोडियमला फेऱ्या मारून मोबाइलवरचे ‘स्टेप्स’ पुरे करतो. त्याला आळशी कसं म्हणायचं? तो रोज चालतो. त्याच्या वाटेतली चढण तेवढी कुणीतरी दाराआड टाकली आहे.

आगीचा धूर जिन्यात शिरू नये म्हणून ते दार लावलेलं असावं लागतं, हे खरं. पण अंधार ठेवा असं कुठल्याच नियमात नाही, आणि अडगळ तर मुळीच चालत नाही. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार यंत्रणा सुस्थितीत असल्याचं प्रमाणपत्र जानेवारीत आणि जुलैत, असं वर्षातून दोनदा द्यायचं असतं. प्रमाणपत्र जातं. सायकल हलत नाही.

चढ-उताराचं मोल नव्यानं सिद्ध करायला नको. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या डबलडेकर बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. गाडी एकच. एक दिवसभर बसून, दुसरा दिवसभर बसच्या जिन्यावर वर-खाली. हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी निघाला. ड्रायव्हर मुळातच जाडे असतील, ही शंकाही मॉरिसनी पुढे गणवेशाच्या मापांवरून तपासली. कंडक्टरांना कुणी जिमचं सभासदत्व दिलेलं नव्हतं. जिना त्यांच्या पगारी कामातच होता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत. सोसायटीकडे यावर उपाय तयार असतो: आणखी एक ट्रेडमिल. म्हणजे जागच्या जागी चालायला वीज जाळायची, आणि तिथवर पोचायलाही.

आज जिना चढतं कोण? काही सोसायट्यांत घरकामाला येणाऱ्या बायकांना मुख्य लिफ्ट वापरू देत नाहीत. सर्व्हिस लिफ्ट बिघडली की त्या पायी चढतात. जिना चढणं ही आता ऐपतीची खूण झाली आहे, उलट्या अर्थानं.

गुडघे दुखणाऱ्यांना, बाळंतिणीला, बाराव्या मजल्याला लिफ्ट हवीच. बोलणं दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याचं आहे. त्यांच्यासाठी नवं काही बांधायचं नाही. दिवे लावायचे, झाडू फिरवायचा, अडगळ ज्याची त्याच्या घरात पाठवायची.

सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. ट्रेडमिलची कोटेशनं टेबलावर येण्याआधी जिन्याचा ठराव मांडा.