आधी सांगाडा, मग विचारणा?



सरकार म्हणतंय, गडचिरोलीला पोलादाचं केंद्र करू, तेही ‘हरित पोलादा’चं. धूर कमी, कोळसा कमी. मग तुम्हाला अडचण काय, असं शहरातले लोक आम्हाला विचारतात.

धूर कमी व्हायला आमचा विरोध नाही. कोळशाच्या जुन्या भट्टीत एक टन पोलाद करताना सुमारे 2 टन कार्बन वायू हवेत जातो. कोळशाऐवजी हायड्रोजन वापरला तर पाण्याची वाफ निघते. स्वीडनमध्ये 2021 साली असं लोखंड करून दाखवलं. चांगली गोष्ट आहे. पण भट्टी कोणतीही असो, खनिजापासून एक टन पोलाद करायला दीड टनाच्या आसपास लोहखनिज लागतंच. आपल्याकडे ते सुरजागडच्या डोंगरातून येतं, जिथे दर जानेवारीत आपण ठाकूरदेवाच्या यात्रेला जमतो. त्याच स्वीडनमध्ये गालोकच्या लोहखाणीला सामी आदिवासींचा विरोध होता, तरी 2022 ला सरकारने मंजुरी दिली. म्हणजे चिमणी साफ झाली म्हणून डोंगर वाचतो असं नाही.

आता सांगाड्याचं बघू. असा कारखाना म्हणजे आधी लोखंडी खांब, तुळया, वर पत्रे. तुकडे बाहेर कापून, भोकं पाडून ट्रकने येतात. जागेवर क्रेनने उचलायचे आणि नट-बोल्टाने आवळायचे. म्हणून तो झपाट्याने उभा राहतो. आपले वनहक्काचे दावे मात्र वर्षानुवर्षं फायलीत. आणि सांगाडा उभा राहिला की भाषा बदलते: एवढा पैसा लागला, आता खनिज नको कसं म्हणता?

ओडिशात लांजीगडला हेच झालं. नियमगिरी डोंगर खोदायची परवानगी मिळण्याआधीच पायथ्याशी ॲल्युमिनाचा कारखाना उभा केला. पण 2013 ला सुप्रीम कोर्टाने ग्रामसभांना विचारायला लावलं आणि 12 पैकी 12 ग्रामसभांनी नाही म्हटलं. कारखाना उभा होता, तरी डोंगर वाचला.

पोरांना काम मिळतं, हेही सांगितलं जातं. हो, उभारणीत हेल्परचं काम मिळतं. पण जोडणी संपली की ते कामही संपतं. डोंगर मात्र परत येत नाही.

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे:

1. पहिला खांब रोवण्याआधी खनिज कुठल्या डोंगरातून, पाणी कुठल्या नदीतून आणि किती वर्षं घेणार, ते ग्रामसभेत आपल्या भाषेत सांगा.

2. पेसा 1996 आणि वनहक्क कायदा 2006 प्रमाणे आधी दावे निकाली काढा, मग जमिनीचं बोला.

3. ‘हरित’ हा शब्द खाणीपासून मोजा, नुसता चिमणीपासून नको.

गावागावात ग्रामसभा घ्या, ठराव लिहून काढा, सह्या-अंगठे घ्या आणि पोचपावती जपून ठेवा. कोऱ्या कागदावर कुणी सही देऊ नका.

मावा नाटे, मावा राज!