सातबाऱ्यावर न चढणारा वारसा



आंबा-काजूचे बोलणे या सदरात नेहमीच होते. आज वेगळा विषय घेतो. सावंतवाडी तालुक्यात फिरताना कोणीतरी बाजूला घेऊन हळूच विचारतो, "साहेब, बापाला मनाचा आजार होता. मुलालाही होणार का?"

आपल्याकडे एखाद्याला 'रत्नागिरीला नेले' म्हटले की पुढचे सांगावे लागत नसे. सोयरीक मोडेल या भीतीने घरे गप्प राहिली. त्या मौनाचा तोटा मुलांना होतो.

कधी टोकाची उदासी, तर कधी नको इतका उत्साह, अशा आजाराला डॉक्टर बायपोलर म्हणतात. तो साधारण शंभरात एखाद्याला होतो. आई किंवा वडिलांना असेल, तर शंभर मुलांपैकी सुमारे पाच ते दहा जणांना होतो. म्हणजे नव्वद ते पंचाण्णव मुले त्यातून सुटतात. सातबाऱ्यावर वारसाचे नाव लागते, तसा हा आजार चढत नाही. मुलाकडे येतो तो फक्त संभव.

हापूसवर भुरी येईल म्हणून आपण बाग तोडत नाही. ढगाळ हवेत मोहोरावर नजर ठेवतो. इथेही तेच करायचे.

काय पाहावे? हा आजार बहुधा पंधरा ते पंचवीस या वयात डोके काढतो. झोप कमी होऊनही थकवा नाही, बडबड वाढली, उधळपट्टी सुरू झाली; किंवा दोन आठवडे कशातच मन नाही, जेवण नको, अशी लक्षणे दिसली तर डॉक्टरांना दाखवा.

काय जपावे? सगळ्यात आधी झोप. चतुर्थीतली भजने, दशावताराची रात्र, गोव्यातली रात्रपाळी अशी लागोपाठ जागरणे अशा मुलांना बाधू शकतात. एका रात्रीचे नाटक बघू द्या, पण दुसऱ्या दिवशी झोपू द्या. दारू आणि गांजा यांपासून दूर ठेवा.

डॉक्टरांना घरचा इतिहास सांगा. उदासीवरच्या काही गोळ्या एकट्याच दिल्या, तर अशा मुलांत उलट उन्माद उसळू शकतो. लपवलेली माहिती इथे घात करते. देवाला गाऱ्हाणे जरूर घाला, पण उपचार थांबवू नका.

आणखी एक. कीटकनाशके, तणनाशके कुलपात ठेवा आणि किल्ली आपल्याजवळ ठेवा. मूल फार खचलेले दिसले, तर "जीव द्यावासा वाटतो का?" असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट मूल बोलते होते. तसे म्हणाले, तर त्याला एकटे सोडू नका, लगेच दवाखान्यात न्या.

सावंतवाडीच्या उपजिल्हा रुग्णालयात चौकशी करा. सरकारची 'टेली मानस' ही सेवा 2022 पासून सुरू आहे. 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते.

मुले जाणती झाली की आजोबांचे, काकांचे, आईचे जे काही झाले ते त्यांना घरातच सांगा. बाहेरून कानावर पडलेले अर्धवट बोलणे त्यांना जास्त घाबरवते.