उरलेल्या गोळ्यांचा प्रश्न

तेलंगणातील आदिलाबाद जिल्हा किनाऱ्यावरील वाचकाला दूरचा वाटेल. परंतु पैनगंगेच्या एका तीरावर यवतमाळ आणि दुसऱ्या तीरावर आदिलाबाद, एवढेच आपले आणि त्याचे अंतर. तेथील आंध जमातीची भाषा मराठी, गोंडांची गोंडी, कोलामांची कोलामी, कारभाराची तेलुगू आणि औषधाच्या पाकिटावरची बहुधा इंग्रजी. सरकारी दवाखान्यातील गोळी रोग्याला रुचत नाही, तो ती अर्ध्यावर सोडतो, ही डॉक्टरमंडळींची जुनी तक्रार समजून घ्यावयाची तर या भाषांच्या उतरंडीपासूनच प्रारंभ केला पाहिजे.

‘अडाणी रोगी’ असा शेरा मारून मोकळे होणे सोपे आहे. वस्तुतः रोग्याचे असमाधान पुष्कळदा निरीक्षणातून आलेले असते. गरोदर स्त्रीला दिलेल्या लोहाच्या गोळ्यांनी मळमळते, बद्धकोष्ठ होतो, शौचाला काळे होते. हे अपेक्षितच असते. पण तिला ते आधी कोणी सांगितलेले नसेल, तर गोळ्या फडताळात पडून राहिल्या याचे नवल ते काय? क्षयावरील रिफाम्पिसिनने लघवी तांबूस होते. रक्तच जात आहे असे वाटून माणूस घाबरला तर तो मूर्ख ठरत नाही.

हिवतापाची गोष्ट याहून अवघड. व्हायवॅक्स जातीचा ताप औषधाने दोन-तीन दिवसांत उतरतो, तरीही प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावे लागते; कारण यकृतात दडलेले जंतू पुढे कित्येक आठवड्यांनी उठतात. ताप नसताना, ऐन पेरणीत, मळमळ आणणारी गोळी का गिळावी, हे समजावण्यास पाच मिनिटे लागतात. शिवाय ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी हे विकर कमी असते त्यांच्या तांबड्या पेशी याच गोळीने फुटू शकतात, लघवी काळपट होते. तेथे गोळी थांबविणेच योग्य! तेव्हा ‘औषध मानवत नाही’ हे शब्द ऐकून घेणे हे सौजन्य नव्हे, ते वैद्यकच आहे.

ही पाच मिनिटे दवाखान्यात मिळत नाहीत, म्हणून गावोगावच्या सुईवाल्यांचे फावते. सलाइनची बाटली टांगली की उपचार झाल्यासारखे वाटते. आणि विद्या नसली तरी त्या गृहस्थाजवळ बोलायला वेळ असतो.

नियम झाले नाहीत असे नाही. औषधे मूळ नावाने लिहावीत, असे हाथी समितीने १९७५ साली सुचविले. चिठ्ठी सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत असावी, असे भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ साली सांगितले. मात्र ज्याला इंग्रजी येत नाही त्याला मोठी अक्षरेही तितकीच मुकी. याच जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात, मार्लवाई येथे, १९४० च्या दशकात निजामी राजवटीत फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या योजनेतून गोंड शिक्षक तयार झाले, देवनागरीत गोंडी वाचनपुस्तके निघाली. शाळेसाठी जे तेव्हा साधले, ते दवाखान्यासाठी आज अशक्य मानण्याचे कारण आम्हांला दिसत नाही. पाकिटासोबत तेलुगू, मराठी व गोंडीत चार ओळी आणि एखादे चित्र द्यावे. आशा कार्यकर्ती घरोघर जातेच. किती गोळ्या उरल्या आणि का उरल्या, हे तिने विचारावे, आणि ती उत्तरे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी दरमहा स्वतः वाचावीत.