आमचा संगणक मोडीत निघणार नाही!

दिवाळी आली की घरातल्या जुन्या वस्तूंवर संक्रांत येते. गळकी बादली, तीन पायांची खुर्ची गेली तर माझी हरकत नाही; पण अलीकडे या यादीत टेबलावरचा संगणकही जाऊन बसला आहे. ‘दहा वर्षे झाली की हो, आता नवा घ्या!’ हा सल्ला, ज्याने जन्मात संगणकाचे झाकण उघडून पाहिले नाही, तो गृहस्थही मोठ्या अधिकाराने देतो. मी राहतो चोरखमाऱ्याला. आमच्याकडे २०१६ साली घेतलेला डेस्कटॉप आहे. धानाचा हिशेब, सातबारा, मुलीच्या शिष्यवृत्तीचे अर्ज आणि आमच्या सौभाग्यवतींच्या बचत गटाची वही, एवढा संसार तो ओढतो. त्याला मोडीत काढा म्हणणाऱ्यांशी माझे भांडण आहे.

मागे एकदा हा संगणक रोज सकाळी तारीख विसरू लागला. मधली सारी वर्षे पुसून तो २०१६ सालात जागा होई. मग बँकेचे संकेतस्थळ उघडेना, सरकारी अर्ज भरता येईना. तालुक्याच्या एका दुकानदाराने झाकणही न काढता निदान केले, ‘मशीन म्हातारी झाली,’ आणि नव्याचे दरपत्रक माझ्या हातावर ठेवले. रोग काय होता? मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा, ३ व्होल्टचा एक सेल असतो. वीज बंद असताना आतले घड्याळ तो चालवतो. तो संपला होता. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्रावर मुदत असते. संगणकाची तारीख त्या मुदतीत बसली नाही की दार बंद! सेल बदलला, दार उघडले. घरच्या मंडळींच्या चहा-पोह्यांपेक्षा अधिक खर्च आला नाही.

दुसरी तक्रार मंदपणाची. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकड्या फिरतात आणि एक बारीकसा दांडा त्यांवर माहिती शोधत धावतो. त्या जागी फिरता भाग नसलेली एसएसडी बसवा, ४ जीबी रॅमची ८ करा, पंख्यातली धूळ झाडा. तोच संगणक चहा थंड होण्याआधी कामाला लागतो. आधी एसएसडी, मग रॅम, हा क्रम मात्र ध्यानात ठेवावा, कारण २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले.

आता खरी लढाई. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. पुढे वर्षभराची वाढीव मुदत दिली खरी, पण विंडोज ११ साठी अट अशी की इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा वा पुढचा हवा, शिवाय टीपीएम २.० हवे. म्हणजे २०१६ चा धडधाकट यंत्रगडी जातीबाहेर! सुरक्षिततेसाठी हे केले, असे सांगतात. त्या म्हणण्यात तथ्य आहे, हे मी नाकारत नाही. दुरुस्त्या न मिळणाऱ्या प्रणालीवर बँकेचे व्यवहार करू नयेत, हे मीही घरी बजावतो. पण कुलूप जुने झाले म्हणून वाडा पाडायचा, हा कुठला न्याय? लिनक्स फुकट मिळते. केरळच्या सरकारी शाळांतली मुले वर्षानुवर्षे मुक्त प्रणालीवर शिकत आहेत, आपल्या सी-डॅकनेही ‘बॉस’ नावाची लिनक्स काढली. चार दिवस चुकल्यासारखे वाटते, पाचव्या दिवशी हात बसतो.

आमच्या भागात येऊन पाहा. भंडारा-गोंदियात मालगुजारी तलावांची केवढी रांग आहे! कोहळी समाजाच्या जाणत्या माणसांनी ते बांधले. तलावात गाळ साचला तर तलाव टाकून देत नाहीत. गाळ उपसतात, पाळ बांधतात, तुडुम नीट करतात, आणि धान पुन्हा उभा राहतो. शेतकऱ्याला जे कळते ते दुकानदाराला कळू नये?

जगात २०२२ साली सुमारे ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला, आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेला, असे संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा अहवाल सांगतो. आपला जुना डबा त्या ढिगात कशाला?

मदरबोर्ड जळला असेल, त्यावरचे कपॅसिटर फुगले असतील, किंवा मुलाला चित्रपटाचे संकलनच शिकायचे असेल, तर खुशाल नवा घ्या. मी आडवा येणार नाही. जुना मात्र नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे द्या, आणि हार्ड डिस्क पुसल्याशिवाय हातातून सोडू नका. भंगारवाल्याच्या हातगाडीवर बँकेची कागदपत्रे फिरायला नकोत.

बाकी दुकानदारांकडे माझी मागणी एकच आहे. ‘मशीन गेली’ असे तोंडी सांगू नका. कोणता भाग गेला, तो बदलायला किती पडतील, हे पावतीवर लिहून सही करून द्या. मग नवा घ्यायचा की नाही, ते आम्ही घरी बसून ठरवू.