पर्समधला चाकू

मैत्रिणींनो, या आठवड्यात जरा स्वयंपाकघराच्या बाहेर पडू या. विळी, सुरी, किसणी ही आपली ओळखीची मंडळी. पण घराबाहेर काही कापायची वेळ आली की आपण काय करतो? दातांनी सुतळी तोडतो, किल्लीने पोतं उसवतो, नाही तर शेजारच्या बाकावरच्या बाईंना विचारतो, "जरा चाकू आहे का हो?" शिरूर-दौंडकडच्या बायकांना तर ही अडचण नेहमीची. राहायचं गावात, नोकरी किंवा मुलांची शाळाही गावात, पण आठवड्यातून एकदा-दोनदा तरी घोडनदीकाठच्या नाही तर भीमेकाठच्या मळ्यावर चक्कर असतेच. तिथे कांद्याच्या गोणीचं तोंड उघडा, ठिबकची नळी कापा, खताची पिशवी फोडा, गुलाबाची एखादी फांदी कलमासाठी घ्या. दौंडहून पुण्याला निघालं तर गाडीत पेरू नि काकडी आहेच. या सगळ्याला एक चांगला मिटणारा चाकू पुरतो. तो स्वतःसाठी, स्वतःच्या हाताच्या मापाने घ्यावा. यजमानांच्या खिशातला जुना झाला म्हणून आपल्याकडे आलेला नको.

दुकानात गेलं की काउंटरवर आधी काय येतं? बारा अवजारांचा चकचकीत चाकू. त्यात कात्री, कानस, बूच काढायचा स्क्रू, दात कोरायची काडीसुद्धा! बघताना मौज वाटते खरी, पण वर्षभरात आपण उघडणार ते एकच पातं. तेव्हा पैसे त्या एका पात्यात आणि त्याच्या सांध्यात घालावेत. सांधा मी मुद्दाम म्हणते. धार गेली तर पुन्हा लावता येते, मूठ फुटली तर बदलता येते. सांधा वाईट निघाला तर मात्र बोटावर बेततं.

ते कसं, ते नीट समजून घ्या. मिटणारे चाकू दोन तऱ्हेचे. एकात पातं नुसतं कमानीच्या ताणावर उघडं राहतं. दुसऱ्यात ते उघडलं की खटका बसतो आणि खटका सोडवल्याशिवाय मिटत नाही. फळ चिरताना पहिला पुरेसा आहे. पण पोत्यात टोक खुपसून ओढायला गेलात, किंवा नळीत पातं अडकलं आणि हिसका दिला, की जोर उलट्या बाजूने पात्याच्या पाठीवर येतो. कमान तो पेलत नाही. पातं मिटतं ते थेट मुठीभोवती वळलेल्या बोटांवर. तर्जनीच्या आतल्या बाजूला शिरा-स्नायूंच्या दोऱ्या अगदी वरवर असतात. त्यातली एखादी तुटली की बोट वाकेनासं होतं, आणि ते जोडायला शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून मळ्यावरच्या कामाला खटक्याचाच चाकू घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

नावाजलेल्या चाकूंनाही हे लागू आहे, बरं का. कार्ल एल्सनर यांनी १८८४ साली स्वित्झर्लंडमध्ये कारखाना काढला आणि १८९७ साली लष्करी अधिकाऱ्यांसाठी तो प्रसिद्ध बहुगुणी चाकू नोंदवला. त्याचं पोलाद आणि बांधणी उत्तम, यात शंका नाही. पण त्यातल्या नेहमीच्या लहान आकारांना पात्याचा खटका नसतो. मोठ्या आकारांना असतो. फ्रान्समधला लाकडी मुठीचा ओपिनेल १८९० सालापासूनचा. त्याला १९५५ साली मानेवर फिरणारं कडं बसवलं गेलं. कडं फिरवलं की पातं जागच्या जागी पक्कं होतं. साधी, स्वस्त आणि भरवशाची युक्ती. दोष एकच, पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि पातं उघडता उघडत नाही. आपल्याकडे आषाढ-श्रावणात याची आठवण ठेवलेली बरी.

आता दुकानातच पारख कशी करायची? चाकू उघडा, मूठ एका हातात धरा आणि पात्याची पाठ चिमटीत धरून डावीकडे-उजवीकडे हलवा. पातं डुगडुगलं तर तो चाकू तिथेच ठेवून द्या. नवा असताना ढिला, तो पुढे काय घट्ट होणार? मग खटका बसवा, बोटं मुठीच्या खाचेपासून दूर घ्या आणि पात्याची पाठ काउंटरच्या लाकडी कडेवर हळूच दाबा. खटका निसटला तर नको. मिटल्यावर पात्याचं टोक मुठीत पूर्ण बुडालं पाहिजे; थोडं जरी वर राहिलं तरी पर्समध्ये हात घालताना टोचणार. पात्यावरची नखाची खाचही बघा. काही चाकू इतके ताठ असतात की उघडताना नखच मोडतं. रोज उघडायची वस्तू आपल्या अंगठ्याला सोसली पाहिजे.

धार बघायला पात्यावरून बोट फिरवू नका. धारेची कड डोळ्यांसमोर सरळ धरून उजेडाकडे करा. चांगली धार उजेडात दिसतच नाही. जिथे पांढरा ठिपका किंवा रेघ चमकेल तिथे ती बोथट आहे किंवा दाता पडला आहे. दुकानदार वर्तमानपत्राचा कागद देईल तर तोही कापून बघा. फाटला नाही, सरळ चिरला, तर ठीक.

मापाचं म्हणाल तर चारही बोटं मुठीवर बसली पाहिजेत. बायकांच्या हाताला साधारण नऊ-दहा सेंटिमीटरची मूठ आणि सात-आठ सेंटिमीटरचं पातं बेताचं होतं. पुरुषी हाताला शोभेल असा जाडजूड चाकू आपल्या मुठीत फिरतो आणि फिरणारी मूठ म्हणजे घसरणारं पातं. मूठ ओल्या हातातही धरता आली पाहिजे, म्हणून गुळगुळीत चकचकीत प्लॅस्टिकपेक्षा खरबरीत बरी. शिसवी लाकूड चांगलं. कुणी "सांबरशिंगाची मूठ आहे, ताई" म्हणून दाखवायला लागला तर हातसुद्धा लावू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो व्यापार गुन्हा आहे.

पोलादाबद्दल दोन शब्द. साधं पोलाद आणि स्टेनलेस यांत थोरली-धाकटी असं काही नाही. साध्या पोलादाला धार पटकन येते, पण ते गंजतं. स्टेनलेसमध्ये क्रोमियम असल्यामुळे गंज लवकर चढत नाही. धार लावायला मात्र जरा जास्त घासावं लागतं. शिरूरकडच्या बायकांनी एक बघितलं असेल, साध्या पोलादाच्या चाकूने डाळिंब कापलं की पातं काळंनिळं पडतं. घाबरू नका, ते विष नव्हे. डाळिंबाच्या सालीतला तुरट अंश लोखंडाशी मिळतो आणि काळा रंग धरतो; हिरडा आणि हिराकस उकळून जुनी शाई व्हायची ती याच गुणाने. फळं नि प्रवास हेच मुख्य काम असेल तर स्टेनलेस घ्या. मळ्यावरचं काम जास्त आणि पातं पुसून ठेवायची शिस्त असेल तर साधं पोलाद घ्या. रस्त्याकडेच्या घिसाड्यांकडे गाडीच्या कमानपाट्याचे कोयते नि खुरपी मिळतात, ती त्या कामाला अव्वल असतात. उसाचं कांडं तोडायचं ते कोयत्यानेच. मिटणाऱ्या चाकूने ऊस तोडणं, नारळाची वाटी उचकटणं किंवा डब्याचं झाकण उघडणं म्हणजे टोक मोडून घेणं.

आणखी एका कामासाठी हा चाकू घेऊ नका. शिरूर तालुक्यात उसाला बिबट्याचा वावर आहे. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेडबरोबर शिरूरही येतं ते उगाच नाही. "मळ्यावर जायचं, जवळ काहीतरी असावं" असं मनात येणं साहजिक आहे. पण तीन इंचांचं पातं बिबट्यापुढे काय कामाचं? दिवेलागणीनंतर एकटीने न जाणं, बॅटरी आणि काठी जवळ असणं, मोठ्याने बोलत चालणं, उसाच्या कडेला खाली वाकून किंवा बसून काम न करणं, याचा खरा उपयोग आहे. चाकू खिशात आहे म्हणून यातलं काही सोडू नका.

कायद्याची भीतीही पुष्कळजणी बोलून दाखवतात. शस्त्रांच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे आणि घरगुती व शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. तेव्हा आपला छोटा चाकू त्यात बसत नाही. मात्र जत्रा, निवडणूक, मिरवणूक अशा वेळी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली ठरावीक दिवसांसाठी सार्वजनिक जागी चाकू बाळगायला बंदी घालता येते. असा आदेश असेल तेव्हा चाकू घरीच ठेवा. बटण दाबलं की फटकन उघडणारे चाकू तर आणूच नका. ते पर्समध्ये आपोआप उघडले तर काय घ्या!

निगा फार नाही. काम झालं की धुवा, पुसा, आणि उघडाच ठेवून सांधा वाळू द्या. सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडा. खायचं गोडेतेल नको, ते चिकट होऊन मळ्यावरची धूळ धरून ठेवतं. साध्या पोलादाच्या पात्यावर खोबरेलाचा हलका हात फिरवला तरी पुरे. धारेसाठी निसणा घरात असू द्या. संक्रांतीला वाणात प्लॅस्टिकचे डबे लुटण्यापेक्षा एखादीने निसणे लुटले तर मी तिच्या घरी पहिली जाईन! दगड पाण्याने भिजवा, पातं त्यावर ठेवून पाठीकडची बाजू थोडी उचला. पातं दोन सेंटिमीटर रुंद असेल तर चार नाणी एकावर एक ठेवल्यावर होते तेवढी उंची हवी. ती न बदलता दोन्ही बाजूंनी सारखंच घासा. सायकलवर चाक घेऊन दारी येणाऱ्या धारवाल्याला चाकू दिलात तर जवळ उभ्या राहा आणि "मधूनमधून पाण्यात बुडव रे बाबा" म्हणून सांगा. कोरड्या चाकावर ठिणग्या उडाल्या आणि धारेजवळ निळसर झाक आली, की पोलादाला दिलेलं पाणी उतरलं. मग ती धार टिकत नाही.

एवढं सांभाळूनही कधी बोट कापलंच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि स्वच्छ कापडाने दाबून धरा. त्यात हळद किंवा चुना भरू नका. जखम मळ्यातल्या मातीची असेल आणि धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं झाली असतील तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. बोट वाकत नसेल किंवा टोकाला बधिरपणा असेल तर नुसत्या पट्टीवर भागवू नका, डॉक्टरांना तसं मुद्दाम सांगा.

आणि हो, लेकीकडे विमानाने निघाल्या असाल तर लोहगावला पोचायच्या आधीच चाकू पर्समधून काढून मोठ्या बॅगेत टाका. हातातल्या सामानात तो चालत नाही.