प्रभावनेची डबी उघडते का?



पर्युषणात प्रभावना म्हणून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्या वाटायच्या आणि घरी ती डबी उघडायला सासूबाईंनी सुनेची वाट पाहायची! "वय झालं, बोटांत जोर नाही," असं आपण म्हणतो. मी म्हणते, दोष बोटांचा नाही, डबीचा आहे.

जयपूर फूट आठवा. १९६८ मध्ये कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी माणसाच्या खऱ्या पावलासारखं ते घडवलं. उकिडवं बसता यावं, मांडी घालता यावी, अनवाणी चालता यावं म्हणून. भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ पासून ते मोफत बसवून देते. त्यासाठी आपण हौसेनं दान देतो. मग तीच नजर घरातल्या वस्तूंकडे का नाही?

चिमटीत धरलं की ताण अंगठ्याच्या मुळाशी येतो. मुठीत धरलं की तो तळव्यावर आणि सगळ्या बोटांवर वाटला जातो. म्हणून हवा जाड मुठीचा पीलर, कडीचं झाकण, हुकांऐवजी वेल्क्रोचा ब्लाउज, सामायिकाला हात टेकून उठता येईल अशी खुर्ची.

कुणी याला लाड म्हणेल. पण दुसऱ्याला पीडा होऊ नये म्हणून आपण मुंगीसुद्धा जपतो. मग सासूबाईंचे सांधे का नाही?

यंदा यवतमाळच्या बाजारात प्रभावना घेताना मंडळातल्या सर्वांत वयस्कर काकूंना सोबत न्या. त्यांच्या हातानं उघडली, तरच ती डबी घ्या.